प्रश्न विचारला की हात उठतो

पत्राचा सारांश: वय ३७, खासगी शाळेत शिक्षिका, पगार १९ हजार. लग्नाला १३ वर्षं, मुलगा पाचवीत. नवऱ्याचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. उधारी थकली, ती भरून काढायला त्यांनी मोबाईलवरून शेअर बाजारात ऑप्शनचे (भाव पुढे कुठे जाईल यावर पैसे लावायचे) सौदे सुरू केले आणि त्यात बरंच गेलं. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. जानेवारीत स्कूटरच्या डिकीत सोनेतारणाची पावती सापडली. माहेरच्या पाटल्या आणि गंठण ऑगस्टमध्येच गहाण पडलं होतं. विचारल्यावर पहिल्यांदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं ते वसुलीवाल्याचा फोन पत्नीच्या मोबाईलवर आला आणि तिने ‘हा कोण?’ म्हणून विचारलं तेव्हा. कर्जाचा आकडा आधी ४ लाख सांगितला, मग ७, आता ११. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेला प्लॉट पत्नीच्या नावावर आहे. तो तारण ठेवून मोठं कर्ज काढायचं, तिने सहकर्जदार म्हणून सही करायची, असा आग्रह आहे. नकार दिल्यावर तिसऱ्यांदा मारहाण झाली. दर वेळी नंतर ते रडतात, माफी मागतात, ‘सही नाही केलीस तर मी जीव देईन’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, ‘टेन्शन आहे गं त्याला. कर्ज फिटलं की निवळेल.’ वाचक विचारते: सही केली तर घर शांत होईल का? नाही केली आणि त्यांनी काही बरंवाईट करून घेतलं तर?

ताई,

सहीचं नंतर बोलू. आधी तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता आलेलं एक वाक्य: ‘त्या दिवशी गळा धरला, पण लगेच सोडला.’ तुम्ही ते ‘पण’ घालून हलकं केलं आहे. अख्ख्या पत्रात सर्वांत जड गोष्ट तीच आहे. जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांचा एक अमेरिकन अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा आधी कधी गळा दाबला गेला होता, त्यांच्या बाबतीत पुढे खुनाची शक्यता सात पटींच्या आसपास वाढलेली त्यात दिसली. गळ्यावर हात गेला की मामला थपडेच्या पलीकडे जातो, मग तो हात पाच सेकंदांत निघालेला का असेना.

म्हणून हे वाचल्यावर पहिलं काम दवाखान्याचं. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके आहेत का, चक्कर येते का, त्या दिवसातलं मधलंच काही आठवत नाही असं होतं का, हे बघा. यातलं एक जरी असेल तर चार दिवस उलटून गेले असले तरी सरकारी रुग्णालयात जा. काहीच जाणवत नसेल तरी दाखवून घ्या, कारण आतली सूज बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांना ‘पडले’ सांगू नका, ‘नवऱ्याने गळा दाबला’ असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय ना, ते वाचून बघा. अशा केसची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद झाली की पोलिसांना कळवलं जातं आणि ते तुमचा जबाब घ्यायला येऊ शकतात. काय सांगायचं याची तयारी ठेवूनच जा. केसपेपरची प्रत घरी आणू नका, बहिणीकडे ठेवा.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यात अर्धं खरं आहे. पैशाची चणचण माणसाचं डोकं खरोखरच खाते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. तोडणीआधी, हात रिकामा असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, त्याच माणसांना बुद्धीच्या त्याच चाचण्या दिल्या. आधीची कामगिरी स्पष्ट कमी भरली. हप्त्याच्या विचारात अडकलेला माणूस विसरतो, चिडतो, चुकीचे निर्णय घेतो. तुमच्या यजमानांना ताण आहे हे नाकारायचं कारण नाही.

पण पत्रातल्या तारखा एकाखाली एक मांडून बघा. पाटल्या गहाण पडल्या ऑगस्टमध्ये. पहिली थप्पड बसली जानेवारीत. मधले पाच महिने कर्ज होतं, हप्ते होते, रात्रीची झोप उडालेली होती आणि मारहाण नव्हती. ती सुरू झाली पावती तुमच्या हातात आल्यावर. दुसरी वेळ ‘हा कोण?’ या प्रश्नाची, तिसरी नकाराची. तुम्ही हेही लिहिलंय की खत कंपनीच्या वितरकाचा माणूस दुकानात येऊन चारचौघांत वाट्टेल ते बोलला, तेव्हा ते मान खाली घालून ऐकत राहिले. म्हणजे रागावर ताबा ठेवता येत नाही असं नाही. कुठे ठेवायचा आणि कुठे सोडायचा, हे त्यांना कळतं. हात कर्जामुळे उठत असता तर तो ऑगस्टपासूनच उठला असता. तो उठतो तुम्ही विचारता तेव्हा.

असं का होतं, याचं मानसशास्त्र समजून घेतलं तर तुम्ही स्वतःला दोष देणं थोडं कमी कराल. आपल्याकडे कर्ता पुरुष म्हणजे घर चालवणारा, आणि तो हरला की नुसता पैसा जात नाही, ‘मी कोण’ हेच डळमळतं. अपराधीपणा आणि लाज या दोन भावना वेगळ्या. ‘मी चुकीचं वागलो’ असं वाटणारा माणूस चूक दुरुस्त करायला बघतो. ‘मीच नालायक’ असं वाटणाऱ्याला ते सहन होत नाही आणि तो बोट दुसऱ्याकडे वळवतो. लाजेचा कल संतापाकडे आणि दुसऱ्याला दोष देण्याकडे असतो, हे जून टँगनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुमचा साधा प्रश्न त्या लाजेवरचं झाकण उघडतो. झाकण परत बसवायचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे विचारणाऱ्यालाच घाबरवणं. ‘तू माझ्या डिकीत हात घातलासच कसा?’ हे त्यांचं पहिलं वाक्य होतं, नाही का? पाटल्या कुणी उचलल्या ते राहिलं बाजूला, डिकी कुणी उघडली यावर भांडण झालं.

हे कारण झालं, सबब नव्हे. लाज वाटणारे हजारो नवरे बायकोवर हात टाकत नाहीत.

फसवणुकीचंही एक गणित असतं. बुडालेले पैसे परत मिळवण्यासाठी माणूस एरवी घेतला नसता असा धोका पत्करतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच हे दाखवून दिलं. म्हणूनच ‘फक्त लॉस रिकव्हर करतो आणि थांबतो’ हे वाक्य जवळजवळ कधीच खरं ठरत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांनी तोटा सोसला आणि सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाखांचा होता. त्यांचं नशीबच फुटकं असं काही नाही, बहुतेकांचं हेच झालं. तोटा लपवायला पहिलं खोटं, ते लपवायला दुसरं कर्ज, आणि पकडलं गेलं की जेवढं सापडलं तेवढंच कबूल करायचं. ४, मग ७, मग ११. आकडा असा हप्त्याहप्त्याने वाढत असेल तर शेवटचा आकडाही शेवटचा नाही असंच धरून चाला.

आणि ती माफी. ताण साचणं, स्फोट, मग पश्चात्ताप, हे चक्र लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मांडलं. प्रत्येक घरात ते तंतोतंत तसंच फिरतं असं नाही, पण तुमच्याकडे फिरताना दिसतंय. त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका: प्रत्येक माफीच्या मागोमाग कागद येतो. पश्चात्ताप खोटाच असेल असं मी म्हणणार नाही. रडणं खरं असेल. तरी ज्या माफीची किंमत तुमची सही आहे, ती माफी म्हणजे मागणीच.

तर मग सहीचं. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कर्ज आणि मारहाण ही दोन वेगळी खाती आहेत. एकात पैसे भरून दुसरं बंद होत नाही. उलट प्लॉट तारण गेला की तुमच्याकडची शेवटची आधाराची गोष्ट जाईल, आणि ‘मारल्यावर सही मिळते’ हा धडा घरात पक्का होईल.

कायद्याची बाजूही तुमच्या बाजूने आहे. नवऱ्याने एकट्याने घेतलेलं कर्ज फेडायची जबाबदारी बायकोवर येत नाही. ती येते सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केल्यावर. ‘जामीन म्हणजे नावापुरतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि बँक आधी तुमच्या पगारामागेही लागू शकते. याच न्यायाने कोरे चेक, कोरा स्टॅम्पपेपर, प्लॉटचं कुलमुखत्यारपत्र, बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं तुमच्या नावावर काढलेलं कर्ज आणि तुमच्या मोबाईलवर येणारा ओटीपी या सगळ्यांना नकार. दबावाखाली सही झालीच, तर पैसे खात्यात पडण्याआधी बँकेला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

नकार एकटीने, रात्री, बंद दारामागे देऊ नका. तिसरी मारहाण नकारावरच झाली होती. ‘वकिलाला कागद दाखवल्याशिवाय सही करायची नाही, असं दादाने बजावलंय’ असं सांगून विषय पुढे ढकला. इथे खरं-खोटं करत बसायचं नाही, जीव वाचवायचा आहे. वाद तापायला लागला की स्वयंपाकघरातून आणि बाथरूममधून बाहेर पडा. एकीकडे हाताशी लागेल अशी हत्यारं, दुसरीकडे पळायला वाट नाही.

‘जीव देईन’ या धमकीला दोन उत्तरं द्यायची आहेत आणि ती एकाच वेळी. पहिलं, ती खरी माना. त्यांच्या दुकानात कीटकनाशकं आहेत, ही साधी गोष्ट नाही. ज्या दिवशी ते असं म्हणतील त्याच दिवशी त्यांच्या भावाला सांगा, विषारी औषधांच्या कपाटाची चावी काही दिवस त्याच्याकडे राहू द्या, घरात एकही बाटली ठेवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यांनी स्वतः फोन केला तर उत्तम, नाहीतर तुम्ही करून काय करायचं ते विचारा. दुसरं, सही हा त्यावरचा उपचार नाही. आत्महत्येचा विचार करणाऱ्या माणसाला डॉक्टर लागतो, आणखी ११ लाखांचं कर्ज लागत नाही. ही जबाबदारी एकट्या तुमच्या खांद्यावर राहिली तर प्रत्येक धमकीला तुम्ही काहीतरी देत राहाल. म्हणूनच दीर, नणंद, डॉक्टर यांना त्यात ओढायचं. शिवाय लक्षात ठेवा, स्वतःच्या मरणाची भाषा आणि बायकोच्या गळ्यावर हात, या दोन्ही गोष्टी एका घरात एकत्र येतात तेव्हा धोका बायकोलाही वाढतो.

कागदांचं काम शांतपणे, शाळेच्या वेळात करा. डिकीतली पावती परत तिथेच ठेवली असेल तर तिचा नीट फोटो काढा: पावती क्रमांक, तारीख, दागिन्यांची यादी, एकूण वजन, निव्वळ वजन, परतफेडीची मुदत. लिलाव मुदतीनंतर होतो आणि त्याआधी नोटीस यावी लागते. ती नोटीस दुकानाच्या पत्त्यावर जाईल, तुम्हाला दिसणारही नाही, म्हणून मुदतीची तारीख तुमच्याकडे हवीच. दागिने तुमचे होते याचा पुरावा म्हणजे सराफाची बिलं आणि लग्नातले असे फोटो, ज्यांत पाटल्या-गंठण स्पष्ट दिसतात. माहेरचं आणि लग्नात मिळालेलं सोनं हे स्त्रीधन, त्यावर मालकी एकट्या पत्नीची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सांगितलेलं आहे. कर्ज नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे संस्था दागिने तुम्हाला परस्पर देणार नाही. पण हे स्त्रीधन आहे असं लेखी कळवून पोच घेतली तर पुढे न्यायालयात ती उपयोगी पडते. मात्र असं पत्र गेल्याचं त्यांच्या कानावर जाऊ शकतं. म्हणून आधी राहायची पर्यायी सोय पक्की करा, मगच पत्र द्या.

स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. तुम्ही न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर त्याच संकेतस्थळावर हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तुमच्या आधार-पॅनवर ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पगारासाठी दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावाचं खातं उघडा, नोटिफिकेशन त्यांना माहीत नसलेल्या ईमेलवर घ्या, यूपीआयचा पिन बदला. पगार जुन्या खात्यात यायचा थांबला की दोन-तीन दिवसांत त्यांना कळणारच. तेव्हा हा बदलही सोय पक्की झाल्यावरच.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क, फोटो उघडणंही नियमात बसत नाही. ‘मी कर्जदार नाही, जामीनदार नाही, पुन्हा फोन करू नका’ एवढंच बोला, तारीख-वेळ लिहून ठेवा. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. गावातल्या बिनपरवाना सावकाराचे पैसे असतील तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

तुम्हाला वाटतंय की कायद्याकडे जाणं म्हणजे घटस्फोट किंवा नवऱ्याला तुरुंगात घालणं. तसं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा याच मधल्या जागेसाठी आहे. स्त्रीधन परस्पर विकणं, गहाण टाकणं, घरखर्च अडवणं याला त्यात आर्थिक छळ म्हटलं आहे. नांदत असतानाही अर्ज करता येतो. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश (घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी मागता येतो), मालमत्ता-लॉकर-खात्यांना हात न लावण्याचा आदेश, खर्च आणि भरपाई हे सगळं दंडाधिकारी देऊ शकतात. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात, त्याला पैसे पडत नाहीत. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्जातच कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फौजदारी तक्रारीचा मार्ग, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ (नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणारा छळ), वेगळा आहे आणि तोही खुला राहतो.

वकिलाच्या फीची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती किंवा १५१०० हा क्रमांक. बोलायला १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत मुलासह राहता येतं. काही पोलीस कार्यालयांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असतो (टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत १९८४ मध्ये सुरू केलेलं काम), तिथे समाजकार्यकर्ती बसते. एक काळजी घ्या: समुपदेशनाला दोघांना एकत्र बसवायला निघाले तर ‘आधी माझ्याशी एकटीशी बोला’ म्हणा. मार खाणारी बाई मारणाऱ्यासमोर खरं बोलत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत चुकवते.

राहायचं की निघायचं, हे आज ठरवायची घाई नाही. पण निघावं लागलं तर आधार, पॅन, पासबुक, बक्षीसपत्राची मूळ प्रत, मुलाचा जन्मदाखला, जास्तीची किल्ली, थोडी रोकड हे माहेरी किंवा शाळेतल्या विश्वासातल्या बाईंकडे आत्ताच पोचवा. मुलाला मध्ये पडायचं नाही हे सांगा. त्याचं काम फक्त शेजारच्या काकूंकडे जाऊन ११२ ला फोन लावायचं, आणि आपला पत्ता त्याला तोंडपाठ हवा. काकूंना आधी सांगून ठेवा. ‘घरातलं बाहेर’ जाईल याची लाज तुम्हाला वाटते आहे, पण ती लाज तुमची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रिया सुमारे २९ टक्के निघाल्या. मदत मागणाऱ्या त्यातल्या फारच थोड्या.

हे सदर कर्जात बुडालेला एखादा नवराही वाचत असेल. त्याच्यासाठी एवढंच: सगळा आकडा एकदाच सांगा, दिवसाढवळ्या, कागद समोर ठेवून, भाऊ किंवा मेहुणा बसलेला असताना. आणि बायको ओरडली तर ओरडू द्या.

ताई, तुम्ही राहायचं ठरवलंत तर सुधारणा शब्दांवरून मोजू नका. ब्रोकरकडे अर्ज करून फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग बंद केला का? स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून दिराच्या हातात दिला का? कुणाकडून किती, व्याज किती, तारण काय, मुदत कधी अशी यादी लिहिली का? दुकानातला पडून असलेला माल, स्वतःची गाडी विकून आधी पाटल्या सोडवायची तयारी आहे का? मारहाणीबद्दल एकट्याने समुपदेशकाकडे जातात का? आणि पुढच्या वेळी तुम्ही ‘हा फोन कुणाचा?’ विचारलंत तर काय होतं? यातलं पहिलं दोन आठवड्यांत झालं नाही, तर प्लॉटचे कागद आणि तुम्ही दोघं मायलेक माहेरी असलेलं बरं. तिथून बोलणी करता येतात.